फिक्यापासून गडदकडे

वापरलेलं पाणी गटारात सोडताना ज्यांना घरात सुतक पडल्यासारखं वाटायचं, असे गृहस्थ नव्वदच्या दशकातल्या सुरतेत एकच होते, आणि ते बमरोलीच्या चाळीत माझ्या शेजारी राहायचे. मूळचे धुळ्याकडचे. मी शिफ्ट सुपरवायझर होतो त्याच कपडा रंगवायच्या मिलमध्ये ते रंगमास्तर होते. त्यांच्या घरी तांदूळ धुतलेलं पाणी भांडी विसळायचं, तेच पुढे मोरी धुवायचं आणि शेवटी दारातल्या डब्यातल्या कढीपत्त्याला मिळायचं. वहिनी म्हणायच्या, "या घरात पाण्याला माझ्याइतकीच कामं आहेत. कौतुक मात्र त्याचं होतं." कुठलीही वस्तू हातात आली की मास्तर आधी तिच्या मरणाची चौकशी करत. मी प्लास्टिकची नवी बादली आणली, तर उलटीपालटी करून म्हणाले, फुटल्यावर हिला सांधणार कोण? दिवाळीच्या आत ती फुटली. मास्तरांनी ती माझ्याकडून मागून नेली आणि तिच्यात पुदिना लावला.

मिलमधला त्यांचा हट्ट याच चालीचा, फक्त मोठा. रंगवलेल्या कपड्याचं शेवटचं धुणं बऱ्यापैकी स्वच्छ असतं. ते खाडीत सोडायचं कशाला? टाकीत साठवायचं आणि पुढच्या लॉटला पहिलं धुणं त्याचंच द्यायचं. अट एकच, दिवसाचे रंग फिक्यापासून गडदकडे लावायचे: आधी पिवळा, मग गुलाबी, मरून, शेवटी काळा. नाल्याशी उभं राहून, ओंजळीत पाणी घेऊन ते मला सांगत, "भाऊ, हाई पानी अजून जित्तं शे." कामगार हसायचे, मीही हसायचो. शेवटी शेठनी एका मशीनवर टाकी बांधू दिली. सीझनभर नीट चाललं तर सगळ्या मशीनना टाक्या, असं ठरलं. मास्तर नातू झाल्यासारखे पेढे वाटत फिरले.

सीझन संपायला आठवडा होता. एका व्यापाऱ्याला मरून माल तातडीनं हवा होता. मास्तर त्या सकाळी रजेवर होते. मी मरून आधी घेतला, मागाहून गुलाबी लावला, आणि टाकी रिकामी करायची विसरलो. अख्खा गुलाबी लॉट डागळला.

शेठनी विचारलं तेव्हा मास्तर माझ्या शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "टाकीच्या पाण्यामुळे झालं." यातला एकही शब्द खोटा नव्हता. घरी दोन लेकरं होती, नोकरी एकच होती, वगैरे. हे सगळं मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता ऐकवत नाही. टाकी त्याच आठवड्यात फोडली. मास्तरांना तर दुसऱ्याच दिवशी हिशोब घ्यायला सांगितलं.

गावी जायच्या सकाळी ते माझ्या दारात आले. हातात त्या गुलाबी लॉटचा हातभर तुकडा होता. रंगांचा क्रम लिहायच्या पाटीवर माझंच अक्षर होतं, ती त्यांनी वाचली नसेल असं होणारच नाही. तरी एवढंच म्हणाले, "भाऊ, डाग निघाव नई. पन अस्तरले चाली."

मी साधं "थांबा" म्हणालो नाही.

ते वारल्याचं फार उशिरा कळलं. तो तुकडा कपाटात तसाच आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही. मला त्यांनी बहुधा माफ केलं असतं. पण चांगलं कापड इतकी वर्षं नुसतं पडून राहिलं, हे त्यांना सोसलं नसतं.