आठ फुटांची वाट

अशिलांना कसं शिकवावं हे वकिलांना शिकवायला बुलढाण्याला एक शिबिर भरलं होतं. मोठं माणूस घोकून शिकत नाही, त्याला जे आधीच येतं तिथून सुरुवात करा, असं शिकवणाऱ्या बाई फळ्यावर लिहीत होत्या. मी मागच्या बाकावर पेंगत होतो. वीस वर्षं मेहकरच्या कोर्टात काढलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

त्याच महिन्यात डोणगावकडच्या एका बाईंचा दावा चालायला आला. त्यांच्या शेताची गाडीवाट शेजाऱ्याच्या शेतातून जायची. त्यानं काटे टाकून ती बंद केली होती. वाट गेली की शेत पडीक.

उलटतपासणीत काय विचारतील ते मी लिहून काढलं आणि ऑफिसात बसवून त्यांच्याकडून पाठ करून घेतलं. वाट किती रुंद? आठ फूट. मध्येच त्या म्हणाल्या, "साहेब, मी माह्या मनानं सांगू का?" माझा पारा चढला. "मावशी, कोर्ट आहे ते. विचारलं तेवढंच सांगा." "हाव," म्हणून त्या मान हलवत राहिल्या. मान हलली की समजलं, असं मी तेव्हा धरून चालायचो.

कोर्टात "आठ फूट" त्यांनी खणखणीत सांगितलं. समोरच्या वकिलानं शांतपणे विचारलं, "म्हणजे केवढं? इथं दाखवा बरं." त्यांनी साक्षीच्या पिंजऱ्यातून माझ्याकडे पाहिलं. मग न्यायाधीशांनीही माझ्याकडे पाहिलं. साक्ष पढवलेली दिसते, असं निकालात आलं आणि दावा गेला.

निकालाच्या दिवशी पायऱ्यांवर मी त्यांच्यावरच चिडलो. पदर सावरत त्या म्हणाल्या, "फूट मले समजत नाही, साहेब. बैलजोडीची गाडी चालते अन् तिच्या बाजूनं मी डोक्यावर भारा घेऊन चालते. भारा त्याच्या तुरीले लागत नाही. एवढी वाट हाये."

एवढी पक्की साक्ष मी वीस वर्षांत ऐकली नव्हती. लाज वाटली, ती अजून जात नाही. आता अशील आलं की मी वही मिटतो आणि आधी त्याला बोलू देतो.

अपिलाचे कागद करताना त्या समोर बसल्या होत्या. "आता तं माह्या मनानं सांगू ना?" अपिलात पुन्हा साक्ष होत नाही, जुन्याच कागदांवर चालतं, असं मी सांगितलं.

"हाव," म्हणून त्यांनी मान हलवली. या वेळी त्यांना सगळं समजलं होतं.