शालूचा डबा घेऊन मुंबईला

हुडकेश्वरच्या घरून सकाळी निघाले तेव्हा ऑटोत माझ्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत स्टीलचा डबा, आणि डब्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या, शालूच्या, गाठीच्या पाच काचपट्ट्या. गाठीचा तुकडा काढून त्या तयार केलेल्या. मुंबईच्या डॉक्टरांना दाखवायच्या होत्या. फुटल्या किंवा हरवल्या तर पुन्हा तुकडा काढावा लागणार, आणि शालूनं बजावलं होतं, ‘मी पुन्हा सुई टोचून नाही घेणार वं ताई.’ दुसऱ्याच्या स्वयंपाकात खोट काढल्याशिवाय घास न गिळणारी ही बाई महिनाभर मुकाट भात चिवडत होती. काचा मऊ लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून तिनंच आपल्या डब्यात ठेवल्या.

वर्धा रोडवर प्रत्येक खड्ड्याला मी ‘हळू गा, हळू!’ म्हणत होते. शेवटी ऑटोवाला वैतागला. ‘मावशी, अंडे घेऊन चालल्या का?’

आमचं विमानतळ लहान आहे, निवांत जा, असं कुणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका. लागोपाठ विमानं असली की रांग पार मागे जाते. तिकीट आणि आधारकार्ड हातातच ठेवा, दारातच मागतात. मी शहाणीनं आधार पर्सच्या तळाशी खुपसलं होतं, मागचे लोक चुकचुकायला लागले. पाण्याची बाटली रिकामी करून न्या, आत भरता येते. आणि औषधपाण्याचं काही असेल तर डॉक्टरची चिठ्ठी सगळ्यात वर ठेवा.

ती चिठ्ठी मात्र मी वर ठेवली होती. तपासणीच्या जवानानं डबा उघडायला लावला. ‘माताजी, ये क्या है?’ मी चिठ्ठी पुढे केली. त्यानं वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, ‘आराम से बंद कीजिए.’ शेजारीच तसलाच आणखी कुणाचा डबा तपासून, झाकून ठेवला होता. झाकण लावून मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवायला वळले. मागचे घाई करत होते, हाताला आला तो डबा पिशवीत टाकला आणि जाऊन खुर्चीवर बसले.

जीव कुठला थाऱ्यावर? दहाव्यांदा पिशवीत हात घातला, तर तुपाचा वास! आमच्याकडे भांडं घेतलं की दुकानातच नाव कोरून घेतात. शालूच्या झाकणावर ‘शालिनी’ होतं. या झाकणावर होतं, ‘वनमाला, कामठी’.

म्हणजे शालूचा डबा या बाईकडे गेला! पुण्याच्या विमानाची रांग आत सरकत होती. मी लाज सोडून धावले आणि ओरडले, ‘वनमालाताई! कामठीचं कोण आहे?’

रांगेतली एक बाई वळली. ‘मी कामठीची. काहून (का बरं) ओरडून राहिल्या?’

‘वनमाला तुम्हीच का?’

‘वनमाला माही (माझी) सासू होय.’

मी डबा पुढे धरला. तिनं झाकण वाचलं, घाईघाईनं आपली पिशवी उघडली आणि शालूचा डबा काढला. मी चिंधी सोडून पाहिली. पाचही काचा शाबूत. मी तिथंच, सगळ्यांदेखत, हुंदके देऊन रडले.

‘कोणाचं हाय?’ तिनं विचारलं. मी सांगितलं. रांग संपत आली होती. तिनं आपल्या डब्यातले दोन बेसनाचे लाडू कागदात बांधून माझ्या हातात कोंबले. ‘बहिणीले द्या. तिचा डबा रिकामा नका नेऊ.’ आणि गेली. सासूचं नाव कळलं, तिचं स्वतःचं विचारायचं राहूनच गेलं.

मुंबईत काचा इस्पितळाच्या खिडकीवर दिल्या. गाठ कसली ते दोन आठवड्यांनी कळेल म्हणाले. मी रिकाम्या डब्यात लाडू ठेवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतले.

नको म्हटलं तरी शालू विमानतळावर आली होती, बाहेरच्या कठड्याला टेकून उभी. ‘काचा?’ एवढंच बोलली.

‘पोचल्या. एकही फुटली नाही.’

हा प्रवास पुन्हा करावा लागेल का, ठाऊक नाही. भीती अजून तशीच आहे. पण डबा आता मी पिशवीत ठेवणार नाही, हातातच धरीन.

शालूनं झाकण उघडलं. लाडू कुणाचे ते मी सांगेपर्यंत तिनं एक उभ्या उभ्या संपवला.

‘तूप कमी पडलं वं याच्यात,’ ती म्हणाली, आणि दुसरा उचलला.