किरण कुठं थांबला

वलवणहून आईला कॅन्सरच्या प्रोटॉन उपचारांना इस्पितळात न्यायचं, तेव्हा तिथं किरणांच्या कॅमेऱ्यावर बसणारा एक माणूस रोज भेटायचा. शरीरात सोडलेला प्रोटॉनचा किरण कुठं थांबतो, ते आतून येणाऱ्या गॅमा किरणांवरून त्याला पडद्यावर दिसायचं. आई बाहेर आली की मान न वळवता तो म्हणायचा, "थांबला बरोबर, मावशी." तेवढ्यावर आईचा दिवस निघायचा.

परवा मात्र त्यानं घाईनं डॉक्टरांना बोलावून किरण बंद करायला लावला. "गाठीच्या पुढं गेला," मला हळूच म्हणाला.

आईनं बाहेर येऊन विचारलं, "आज बोलला न्हाईस रं. थांबला ना?"

तो उठला. दाराशी काढलेल्या तिच्या चपला आणून, वाकून त्यानं तिच्या पायांपुढं ठेवल्या.

"घाला, मावशी. फरशी गार आहे."