सुजल्या पायांतली जोडवी

बीपीची गोळी सुरू होऊन महिना झाला आणि माझे पाय सुजायला लागले. संध्याकाळी शाळेतून आल्यावर घोट्याशी बोट दाबलं की खळगा पडायचा, लवकर भरून यायचा नाही. चपलेचा पट्टा सैल करता आला. जोडव्यांचं काय करणार? लग्नातली, जाड, बंद कड्याची. फुगलेल्या बोटांत ती रुतत चालली होती.

कापून काढावी लागणार हे दिसत होतं. पण नवरा धडधाकट असताना? आमच्या पुणतांब्यात जोडवं झिजलं तर आधी नवं घालतात, मग जुनं उतरवतात. आणि सुजल्या बोटात नवं शिरणार कसं! मी चौथीच्या पोरांना अंधश्रद्धा म्हणजे काय ते फळ्यावर लिहून समजावते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. लाज वाटायची, पण भीती लाजेहून मोठी होती.

मग मी गोळीच बंद केली. सकाळी यांच्यादेखत पाण्याचा पेला घ्यायचा, गोळी मुठीत ठेवायची आणि मागून चहाच्या जुन्या डब्यात टाकायची.

पाय उतरले, पण जीव थाऱ्यावर राहीना. वर्गात माझे ठोके मलाच कानात ऐकू यायचे. बसवेना, उभं राहवेना. पोरांना पाढे म्हणायला लावून मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालायचे. एक दिवस हातातला खडू पडला आणि मला वाटलं, झालं, हा हात गेला.

डॉक्टरांनी पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे ऐंशी.

"मॅडम, गोळी रोज घेता ना?"

"हो तर. एकही दिवस चुकवली नाही."

त्यांनी बिचाऱ्यांनी विश्वास ठेवला आणि दुप्पट ताकदीची गोळी लिहून दिली. येताना एसटीत मी पर्स दहा वेळा उघडली, दहा वेळा मिटली. घेतली तर पाय सुजणार, नाही घेतली तर डोकं फुटणार. स्वतःचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता.

रविवारी दुपारी हे पेरूच्या बागेतून आले आणि मी झोपले असेन म्हणून स्वतःच चहा टाकायला गेले. बाहेर आले ते तो डबा घेऊनच.

"ह्या गोळ्या हितं कशा?"

मी सगळं सांगितलं. पाय, जोडवी, डॉक्टरांशी बोललेलं खोटं. हे ओरडतील असं वाटलं होतं. हे न्हाणीतून साबण आणि तांब्याभर पाणी घेऊन आले आणि माझ्या पायाशी उकिडवे बसले.

"सूज उतरलीय तवर निघतील. उद्या डाक्टरला खरं सांगायचं. मी संगं येतो."

ह्यांनी पावलाला हात लावला तशी मी पाय मागे ओढला. "अहो, पायाला हात नका लावू. आणि राहू द्या ती. तुमच्यासाठीच आहेत."

ह्यांनी वर पाहिलं. डोळे भरले होते.

"अहेव मरायची लई हौस हाय का तुला? अन् मी? मी एकट्यानं मागं काय करायचं?"

मी पाय पुढे केला.