कोरड्या तलावाचे चेअरमन

पाण्याचा थेंब नसताना मत्स्य सोसायटी चालवणारा माणूस उभ्या जगात एकच झाला, आणि तो नेमका माझा धाकटा दीर निघाला. दुष्काळी कामावर आम्हीच दगडमाती वाहून गावाचा तलाव बांधला होता. तो भरायच्या आधीच भावजींनी सोसायटी काढली, चेअरमन झाले आणि बांधावर 'मासे मारण्यास सक्त मनाई' अशी पाटी लावली. आत शेरडं चरत. रोज पाहणीला उतरताना भावजी धोतर गुडघ्यावर खोचत. मी हसले की म्हणत, "सवय असावी, वैनी." विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा चार आकड्यांचा लोखंडी गळ खांद्यावर टाकून ते लग्नालासुद्धा जात. गावोगावच्या बादल्या त्यांनी डोळे मिटून, नुसत्या दोराच्या थरथरीवरून वर आणल्या होत्या.

तिसरं वर्षही कोरडं गेलं तेव्हा सभासद नावं काढून घ्यायला निघाले. भावजींनी येरमाळ्याच्या स्टँडवर जाहीर केलं, "समुद्रावर चला. मासा हाती लागला न्हाय तर सोसायटी मोडतो." आम्ही अकरा सभासद, भाकरीची गाठोडी आणि तो गळ घेऊन, एसट्या बदलत कोकणातल्या एका दीपगृहाखालच्या खडकावर पोचलो. दुपारपर्यंत काठ्या-दोऱ्या टाकून बसलो. शेपूटसुद्धा दिसेना. एक सभासद म्हणाला, "चेअरमन, तुमच्या पायगुणानं समुद्र बी कोरडाच की!" भावजींनी गुडघ्यावर खोचलेलं धोतर खाली सोडलं.

शेजारी एक कोळी कपाळाला हात लावून बसला होता. त्याचं जाळं सकाळपासून खाली खडकात अडकलं होतं. "सोडा नाद, दादा. तीन पुरुष खोल आहे."

भावजी ताडकन उठले. "तीनच? आमची बादली पडती तीच आठ पुरुष!"

खडकावर पालथे पडून त्यांनी डोळे मिटले आणि गळ सोडला. दोर थरथरला. "वढा!" सगळ्यांनी ओढलं, आणि जाळं वर आलं ते मासे फडफडतच. कोळ्यानं अर्धे आमच्या पुढ्यात ओतले. ते साफ कसे करायचे हे मी त्याच्या बायकोकडून तिथंच शिकून घेतलं.

सोसायटी मोडायची भाषा पुन्हा कुणी केली नाही. गावी येताच भावजी तलावात उतरले. धोतर वीतभर आणखी वर.

पुढं तलाव भरला. आता भावजी नाहीत. विहिरीवर मोटर आहे, बादल्या पडत नाहीत. गळ माझ्याकडं आहे. गंजू नये म्हणून दर दिवाळीला तेल लावते. वस्तू चांगली आहे.