एकावन्न कागद, पन्नास काडतुसं

शिकारीला निघालेले पाटील दुकानात बशीत चहा ओतत होते आणि मी दारूच्या पुड्यांचे रिकामे कागद तिसऱ्यांदा मोजत होतो. एकावन्न. पेटीत काडतुसं मात्र पन्नास.

इंटर सायन्सच्या सुटीत मी खामगावातल्या बंदुकीच्या दुकानात कामाला होतो. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, त्यामुळे शिकलेलं सगळ्यांना दाखवायची घाई होती. शिकारी लोक झाडलेली पितळी काडतुसं आणायचे. आम्ही ती पुन्हा भरायचो: तळाशी दारू, वर पुठ्ठ्याची चकती, मग छर्रे. दुकानातले जुने कारागीर रहीमचाचा दारू छोट्या मापट्यानं घालत. मला ते अडाणी वाटलं. मी सोनाराचा काटा मागून आणला. वजनं म्हणजे गुंजा, त्या लाल-काळ्या बिया. त्याही सारख्या नसतात, म्हणून एकमेकींशी तोलून निवडल्या. मग पाटलांच्या पन्नास काडतुसांसाठी एकेकाची दारू तोलून कागदाच्या पन्नास पुड्या बांधल्या.

“सोनं विकून राह्यला का बे?” चाचांनी विचारलं. “डुकराले काय समजते, अर्धी गुंज कमी लागली का जास्त?”

शेवटच्या काडतुसाला पुडीच उरली नाही. मोजताना चुकलो असेन असं धरून मी आणखी एक तोलली. आता कागद सांगत होते, की मोजणं बरोबर होतं. पन्नासांतल्या एकात दोन पुड्या गेल्या होत्या. बहुधा दुकानाच्या मालकांनी, शेठनी, मधेच पान आणायला उठवलं तेव्हा. ही बिनधुराची दारू थोडीशीच लागते. दुप्पट झाली तरी वर छर्रे मावतात. बंदुकीची नळी मात्र फाटू शकते. पाटलांच्या गालाशी.

मी चाचांच्या कानात सांगितलं.

“आता सांगतो का बे?”

“भरलेली तोलून पाहू का? जड निघेल ते...”

“छर्रेच कमीजास्त असतात. तुह्या काट्याले काय कपाय समजन? सगळे खोलून पाहा लागन.”

शेठनी ऐकलं. “गाडी सुटन त्यायची,” ते पुटपुटले. “एकच तं आहे. जाऊ दे.”

मला शेठची भीती वाटत होती. पण पाटलांच्या गालाकडे बघवेना.

“पाटील साहेब, एक काडतूस चुकलं आहे. कोणतं ते माहीत नाही.”

“म्हंजे जलंबची गाडी चुकली,” पाटील म्हणाले. “कॉलेजात हेच शिकवतात का पोट्ट्या?”

“नाही. हे माझं मीच शिकलो.” खरं तेच सांगत होतो, पण उर्मट ऐकू आलं.

आम्ही एकेक उघडत गेलो. सदतिसाव्यात सापडलं. चाचांनी ती दारू कागदावर ओतली, शेजारी दुसऱ्या काडतुसातली. पाटलांनी दोन्ही ढीग पाहिले आणि नकळत गालावरून हात फिरवला.

“तोल तं एकदम बराबर आहे, पाटील,” चाचा म्हणाले. “दोन्ही पुड्यायचा.”

चाचांनी उरलेलीही खोलून मापट्यानं पुन्हा भरलेली पन्नास घेऊन पाटील संध्याकाळच्या गाडीनं गेले. शेठ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन दिवस बरे गेले.

दारू किती बारीक तोलावी, असं वर्गातले मित्र विचारतात. जमेल तितकी बारीक, असं मला वाटतं. पण चकती बसवण्याआधी सगळी काडतुसं ओळीनं उभी करून प्रत्येकात दारू सारखीच वर आलीय का, ते डोकावून पाहावं. चाचा रोज पाहत होते. मी विचारलंच नव्हतं. डोकावायला इंटर सायन्स लागत नाही. चाचा चौथी नापास आहेत.