आमच्या अंगणातला निळा वाघ

मंडळी, मी मोहर्लीच्या जंगलात वाघ दाखवणारा सफारी गाइड. पावसाळ्यात सफारी बंद, म्हणून आज सकाळी मोबाईलले भिंग लावून आपल्याच अंगणात पालथा पडलो होतो.

समोर केन्याच्या तणाचं निळं फूल, नखाएवढं. पाकळीवर पाण्याचा एक थेंब, आन् त्या थेंबात आमचं घर उलटं तरंगून राह्यलं होतं. मी श्वाससुद्धा हळू घेत होतो.

तेवढ्यात आई विळा घेऊन अंगण साफ करायले आली. मी जंगलातल्या सवयीनं हात वर केला. "हलू नको!"

आई जागीच थिजली. शेजारच्या कांताबाईनं तर बकऱ्या आत ओढून धाडकन दार लावलं.

"कुठी हाय वाघ?" आई कुजबुजली.

मी फोटो दाखवला. ती लय वेळ पाहत राह्यली. "आतमंधी पिवळ्या चांदण्या हायेत रे! आन् मी याले उपटून फेकून राह्यली होती?"

तिनं सगळं अंगण साफ केलं, तेवढा केना सोडून. काय सांगू, मले वाटलं आता फुलाचं इसरली असंल.

दुपारी फूल मिटलं, तेव्हा तिनंच मले हळूच हाक मारली, "आवाज नको करू. तुया वाघ झोपला."